दीडशे रुपयांचा श्रोता

मराठवाड्यात ‘बँड’ हा शब्द उच्चारला की अजूनही आधी वरात आठवते. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पुढे क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट, मागे ढोल आणि ताशा, हातगाड्यावर बसवलेला कर्णा, आणि दर पाच पावलांवर वरात थांबवून नव्या गाण्याची फर्माईश करणारा नवरदेवाचा एखादा मामा. या चित्रात संगीत आहे, कसब आहे, उन्हातान्हातली मेहनत आहे. श्रोता मात्र कुठेच नाही. समोर असतात ते नाचणारे, आणि ज्याच्या खिशातून पैसे जाणार असतात तो वधूचा बाप त्या वेळी मांडवामागे आचाऱ्याशी बोलत उभा असतो. अलीकडे याच शब्दाला दुसरा अर्थ चिकटला आहे. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी अशा शहरांत चार-पाच तरुण मुलेमुली गिटार, बेस, की-बोर्ड, ड्रम किंवा त्याऐवजी नुसता कॅहॉन (वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी) घेऊन एकत्र येतात, निम्मी गाणी इतरांची आणि निम्मी स्वतःची बसवतात, आणि कधी एखाद्या कॅफेच्या वरच्या मजल्यावर, कधी शिकवणीच्या वर्गातली बाके बाजूला सारून, कधी कुणाच्या गच्चीवर आपला ‘शो’ करतात. या दुसऱ्या अर्थाच्या बँडविषयी मला लिहायचे आहे, आणि त्याहून अधिक त्याच्यासमोर बसणाऱ्या माणसाविषयी. या मुलांना अनुदानाची, स्पर्धेतल्या ढालीची किंवा एखाद्या महोत्सवात मोठ्या कलावंताच्या आधी मिळणाऱ्या वीस मिनिटांची जेवढी गरज आहे, त्यापेक्षा लहान जागेत स्वतःच्या पैशाने तिकीट काढून येणाऱ्या आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येणाऱ्या शंभर माणसांची गरज अधिक आहे, असे माझे म्हणणे आहे. आणि मराठवाड्यासारख्या संगीताने भरलेल्या प्रदेशात नेमका हाच श्रोता आपण घडू दिलेला नाही.

‘संगीताने भरलेला’ हे मी शोभेसाठी लिहिलेले नाही. पैठणच्या एकनाथांची भारुडे आजही गावोगाव सादर होतात. औशाच्या नाथ संस्थानाने चक्रीभजनाची परंपरा पिढ्यानपिढ्या सांभाळली आहे. तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ घालणारी घराणी संबळ आणि तुणतुणे घेऊन रात्र जागवतात, आणि परभणीच्या राजारामबापू कदमांचे नाव गोंधळाच्या संदर्भात महाराष्ट्रभर आदराने घेतले जाते. खुलताबादच्या उरुसात कव्वाली होते, एप्रिल महिन्यात वस्त्यावस्त्यांत भीमगीते घुमतात, आणि एकादशीच्या रात्री ज्या गावात भजनी मंडळाचा पखवाज वाजत नाही असे गाव शोधावे लागेल. या सगळ्यात एक गोष्ट समान आहे: ऐकणाऱ्याला तिकीट काढावे लागत नाही.

हे फुकटपण सगळीकडे एकाच कारणाने आलेले नाही, हे आधीच मान्य केले पाहिजे. भजनाला तिकीट लावणे कुणालाही गैर वाटेल, आणि ते वाटायलाच हवे. आंबेडकरी जलशाला तिकीट नव्हते, कारण तो चळवळीचा भाग होता आणि जो माणूस तिकीट काढू शकत नव्हता त्याच्यासाठीच तो होता. कव्वालापुढे श्रोता नजराणा ठेवतो, गोंधळ्याला यजमानाच्या घरून शिधा आणि दक्षिणा मिळते. म्हणजे तिथे देवघेव आहे, फक्त ती तिकिटाच्या खिडकीतून होत नाही. माझी तक्रार तिसऱ्याच प्रकाराविषयी आहे, जो गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या शहरांत वाढला आणि ज्याने ‘कार्यक्रम’ या शब्दाचा अर्थच ठरवून टाकला: मंडळाचा ऑर्केस्ट्रा, नेत्याच्या वाढदिवसाची संगीत रजनी, पतसंस्थेच्या वर्धापनदिनाची गाण्यांची मैफल. प्रवेश विनामूल्य, पास कार्यकर्त्यांकडे. पहिल्या रांगेत सोफे मांडलेले असतात आणि ते रात्री नऊपर्यंत रिकामे राहतात. ज्यांच्यासाठी सोफे आहेत ते आले की चालू गाणे थांबते, शाल-श्रीफळ होते, चार भाषणे होतात, आणि मग ज्याने माइक मध्येच हातातून दिला होता त्या गायकाने त्याच गाण्याच्या दुसऱ्या कडव्यापासून पुन्हा सुरुवात करावी अशी अपेक्षा असते. गायकही ती निमूट पूर्ण करतो. त्याचे मानधन त्या सोफ्यावरून येणार आहे, मागच्या आठशे खुर्च्यांवरून नाही, हे त्याला चांगले ठाऊक असते.

इथे प्रश्न अपमानाचा कमी आणि संगीताचा अधिक आहे. ज्याच्याकडून पैसे येतात त्याला आवडेल ते वाजवले जाते, आणि यजमानाची आवड बहुधा ठरलेली असते: गाणी सर्वांना माहीत असावीत, एकामागून एक यावीत, आणि कोणी उठून जाऊ नये. अशा मंचावर कुणीही स्वतःचे नवे गाणे म्हणत नाही. म्हणणे शक्यच नसते, कारण नवे गाणे सुरुवातीला हमखास अडखळते, आणि यजमानाने पैसे मोजले आहेत ते न अडखळणाऱ्या संध्याकाळीसाठी. म्हणून आपल्या शहरांत उत्तम गळ्याची माणसे वर्षानुवर्षे इतरांची गाणी हुबेहूब म्हणत राहतात. अलीकडे तर साथीदारांचीही गरज उरलेली नाही. डॉक्टर, बँकेतले निवृत्त अधिकारी आणि प्राध्यापक मिळून कराओके क्लब चालवतात आणि शनिवार-रविवारच्या सभागृहांच्या तारखा महिनामहिना आधी घेऊन ठेवतात. त्यांच्या आनंदाविरुद्ध माझे काही नाही. माझे दोन जवळचे मित्र त्यांत आहेत आणि मीही एकदा, देवाच्या दयेने एकदाच, तिथे गायलो आहे. पण एखाद्या शहरातली गाण्याची सगळी हौस ध्वनिमुद्रित सुरावटीवर जुन्या गाण्यांच्या नकला करण्यात खर्च होऊ लागली, तर त्या शहराचे स्वतःचे गाणे कुठून यायचे, हा प्रश्न विचारायला हवा.

तिकिटाने हे नाते बदलते. दीडशे रुपये ही रक्कम मोठी नाही, पण ती श्रोत्याने स्वतः दिलेली असते, आणि त्यामुळे दोन्ही बाजूंना एक हक्क मिळतो. श्रोत्याला कंटाळण्याचा हक्क मिळतो. फुकट कार्यक्रमात कंटाळलेला माणूस उठून जातो आणि विषय संपतो. पैसे दिलेला माणूस सहसा बसून राहतो, कुरकुरतो, जिन्यावरून उतरताना सोबतच्याला सांगतो की तिसरे गाणे लांबले. वादकाला नवे वाजवून पाहण्याचा हक्क मिळतो, कारण समोरचा माणूस त्याचे गाणे ऐकायला आला आहे, कुणाच्या तरी वाढदिवसाला नाही.

गेल्या पावसाळ्यात मी अशाच एका कार्यक्रमाला गेलो होतो. शहराच्या एका जुन्या भागातल्या कॅफेचा वरचा मजला, रविवारची संध्याकाळ, साडेसहाची वेळ. सवयीने मी माणसे मोजली. वादक सोडून एक्केचाळीस. बँडमध्ये अभियांत्रिकीची तीन मुले, एक मुलगी बेसवर, आणि पाचवा ढोलकीवर, जो मूळचा गावातल्या भजनी मंडळात मामाबरोबर वाजवणारा. ध्वनियंत्रणा सामान्य होती आणि पहिली दहा मिनिटे गायकाचा आवाज ढोलकीखाली दबून गेला होता. त्यांनी मुक्कामी एसटीवर रचलेले स्वतःचे गाणे म्हटले: रात्री गावात येऊन थांबणारी, पारापाशी उभी राहणारी आणि पहाटे पुन्हा शहराकडे निघणारी शेवटची गाडी. पहिले कडवे ऐकताना मागच्या बाकावरचे सगळे सरळ होऊन बसले. दुसऱ्या कडव्यात गावाच्या आठवणींची नुसती यादी होती. त्या वेळी चार-पाच फोन उजळले आणि कुणीतरी चहा मागवला. गायकाने ते पाहिले. त्याने ते पाहिले हे मीही पाहिले, आणि लहान जागेचा सगळा अर्थ मला त्या एका नजरेत दिसला.

शिकलेल्या मंडळींतही या जागेच्या आकाराविषयी गैरसमज आहे. मराठवाड्यात आज पाच महानगरपालिका आहेत: छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड-वाघाळा आधीपासून, लातूर आणि परभणी २०११ पासून, आणि जालना २०२३ पासून. सांस्कृतिक सोय म्हटली की यांतल्या प्रत्येकीच्या डोळ्यांसमोर मोठे नाट्यगृह येते. संभाजीनगरचे संत एकनाथ रंगमंदिर, सिडकोतले संत तुकाराम नाट्यगृह, नांदेडचे शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह, परभणीचे बी. रघुनाथ सभागृह ही नावे आपल्याला अभिमानाने आठवतात, आणि नाटकासाठी ती हवीतच. मात्र शेकड्यांनी खुर्च्या असलेल्या सभागृहात ऐंशी माणसे बसली की तो कार्यक्रम पडला असे दिसते, आणि तीच ऐंशी माणसे शंभरांच्या खोलीत बसली की दारात उभे राहायला जागा नसते. माणसे तेवढीच, पण पहिल्या जागेतून वादक खचून घरी जातो आणि दुसऱ्या जागेतून पुढच्या महिन्याची तारीख ठरवून जातो. शिवाय मोठ्या सभागृहाचे भाडे, अनामत, दिवेवाला, ध्वनिव्यवस्थेवाला आणि रखवालदार यांचा खर्च निघावा म्हणून पुन्हा प्रायोजक शोधावा लागतो. प्रायोजक आला की सोफा आला.

शंभरांच्या खोलीचा हिशेब पाहू. समजा, दीडशे रुपयांचे तिकीट काढून ऐंशी माणसे आली, तर बारा हजार रुपये जमतात. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर संगीताच्या कार्यक्रमाला वस्तू व सेवा कर लागत नाही, त्यामुळे ही रक्कम अख्खी हातात राहते. जागेवाल्याला तीन-साडेतीन हजार, तितकेच ध्वनियंत्रणेला, आणि उरलेले पाच जणांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला हजार रुपये येतील. एवढ्यावर कुणाचे घर चालत नाही. गिटारच्या तारांचा नवा संच येतो, गावाहून येण्याजाण्याचे भाडे सुटते, आणि मुख्य म्हणजे घरी सांगता येते की आज गाण्याचे पैसे मिळाले. ज्या घरांत मुलाने गिटार घेणे म्हणजे वाया जाणे समजले जाते, त्या घरांत या वाक्याची किंमत हजार रुपयांपेक्षा पुष्कळ जास्त असते.

मुंबई-पुण्यात हा हिशेब मद्यविक्रीवर जुळवला जातो. तिथला बँड बहुतेक वेळा बारमध्ये वाजवतो, प्रवेशमूल्य नाममात्र असते, आणि जागेचा खर्च बिअर उचलते. तो मार्ग मराठवाड्यात उचलून आणता येणार नाही, आणि आणूही नये. आपल्याकडचे परमिट रूम ही पुरुषांनी व्यापलेली, अर्धवट अंधारातली जागा आहे. तिथे एकटी मुलगी तर सोडाच, नवराबायकोही जात नाहीत. बिअरसाठी कायद्याने एकवीस वर्षांचे वय लागते आणि कडक मद्यासाठी पंचवीस. म्हणजे ज्या वयाची मुले अशा संगीताची पहिली श्रोते असतात, त्यांनाच दाराबाहेर उभे करावे लागेल. इथे जागा चहा-कॉफीवर किंवा तिकिटावर चालली पाहिजे, आणि कार्यक्रम लवकर सुरू होऊन लवकर संपला पाहिजे. लातूरचेच उदाहरण घ्या. शिकवण्यांसाठी बाहेरगावाहून आलेली हजारो मुलेमुली या शहरात राहतात, पण वसतिगृहाचे फाटक बंद होण्याच्या वेळेवर त्यांची संध्याकाळ संपते. साडेसहाला सुरू होऊन साडेआठला संपणारा कार्यक्रम त्यांच्यासाठी शक्य आहे. पत्रिकेवर सात, प्रत्यक्षात साडेआठ आणि पाहुणे आल्यावर नऊ, हा आपला रिवाज मुलींना कार्यक्रमातून बाद करण्याची सर्वांत सोपी रीत आहे, आणि ती आपण कुणालाही वाईट न वाटू देता वर्षानुवर्षे पाळतो.

लवकर संपण्याला आणखी एक कारण आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. सांस्कृतिक आणि धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते, आणि ते दिवस कुठल्या उत्सवांना जातात हे सर्वांना माहीत आहे. मात्र हेच नियम बंदिस्त सभागृहाला उघड्या मैदानापेक्षा वेगळे मानतात. निवासी भागात दिवसाची आवाजाची मर्यादा पंचावन्न डेसिबल आहे, आणि खासगी जागेतला आवाज तिच्या हद्दीबाहेर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. ड्रमचा पूर्ण संच जवळून शंभर डेसिबलच्या पुढे जातो. तेव्हा प्रश्न संगीताला परवानगी द्यावी की नाही हा नसून भिंत किती जाड आहे हा आहे. उत्साही मुले खोलीला अंड्यांचे ट्रे चिकटवतात. त्याने खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, पण बाहेर जाणारा आवाज अडत नाही. आवाज अडतो तो वजनदार भिंतीने, दुहेरी दाराने आणि फटी बुजवल्याने. हे काम रॉकेटविद्या नाही, पण भाड्याच्या खोलीत ते मुलांनी स्वतःच्या पैशाने करावे असे म्हणणे अन्यायाचे आहे. शेजाऱ्याचीही बाजू आहेच. ज्याच्या घरात बारावीचा अभ्यास चालू आहे त्याने तक्रार केली तर तो संगीतद्वेष्टा ठरत नाही. मुंबईच्या रंगभवनात १९८६ साली सुरू झालेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ या महोत्सवाने देशातल्या रॉक बँडांना मोठे केले, आणि शांतता क्षेत्राच्या नियमामुळे त्याच खुल्या रंगमंचावरचे कार्यक्रम पुढे बंद झाले. वस्तीतली उघडी जागा टिकत नाही; बंदिस्त, जाड भिंतीची, लहान जागा टिकू शकते.

परवानग्यांबद्दल मी अनुभवाने बोलू शकतो. काही वर्षांपूर्वी आम्ही चार मित्रांनी साठ माणसांसाठी असा एक कार्यक्रम ठरवला. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने अर्जाचा नमुना तिसऱ्याकडे मिळेल म्हणून सांगितले, आणि तिसऱ्याने विचारले की कार्यक्रम कोणाचा आहे, म्हणजे कोणत्या पक्षाचा किंवा मंडळाचा. ‘कोणाचाच नाही, आमचाच’ हे उत्तर त्या रकान्यात मावेना. साठ माणसांच्या खोलीला आणि सहा हजारांच्या मैदानाला एकच वाट चालावी लागते, हे त्या दिवशी लक्षात आले. इंग्लंड आणि वेल्समध्ये याच अडचणीवर २०१२ साली लाइव्ह म्युझिक ॲक्ट आला. सकाळी आठ ते रात्री अकरा या वेळेत आणि दोनशेपर्यंत श्रोते असतील तर मद्यपरवाना असलेल्या जागेला संगीतासाठी वेगळ्या परवान्याची अट त्याने काढून टाकली, आणि २०१५ साली ही संख्या पाचशेपर्यंत वाढवली गेली. तिकडच्या नियोजनात आणखी एक तत्त्व मान्य झाले आहे: आधीपासून चालत असलेल्या संगीताच्या जागेशेजारी कुणी नवी इमारत बांधली, तर आवाजापासून बचावाची सोय नव्याने येणाऱ्याने करायची. आपली महानगरपालिका शंभर श्रोत्यांच्या आतल्या, बंदिस्त, दहाच्या आत संपणाऱ्या कार्यक्रमांसाठी वर्षभराची एकच नोंदणी आणि एकच अर्ज ठरवू शकली, तर तिजोरीवर कसलाही भार पडणार नाही. जिथे खर्च करायचा आहे तिथे तो दहा कोटींच्या नव्या नाट्यगृहाऐवजी बंद पडलेल्या एखाद्या शाळाखोलीवर किंवा वाचनालयाच्या रिकाम्या मजल्यावर करावा: दुहेरी दारे, जाड भिंत, आवाजासाठी बरा मिक्सर, वादकांना स्वतःचे ऐकू यावे म्हणून दोन मॉनिटर, एक ड्रमसंच आणि स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह. शेवटच्या गोष्टीला कुणी गौण समजू नये. प्रेक्षकांतल्या स्त्रियांची संख्या गायकापेक्षा तिच्यावर अधिक अवलंबून असते.

जाता जाता स्वामित्वहक्काचे एक वैचित्र्य नोंदवतो. १९५७ च्या कायद्यात लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी संबंधित समारंभात वाजवलेले गाणे उल्लंघन मानलेले नाही. कॅफेत तिकीट लावून तेच गाणे वाजवले तर हक्कधारकांच्या संस्थेकडून परवाना घ्यावा लागतो. म्हणजे कायद्यालाही वरातीत श्रोता दिसला नाही. स्वतःची गाणी वाजवणाऱ्या बँडला ही कटकट बरीच कमी असते, हा त्याचा एक व्यावहारिक फायदा.

आता आक्षेपांकडे वळू. गिटार-ड्रमचे हे संगीत परके आहे, आपल्याकडे एवढी परंपरा असताना हे कशाला, असे मला अनेक ज्येष्ठ विचारतात. त्यांच्या घरी बहुधा हार्मोनियम असते. हार्मोनियम १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये तयार झाली, नंतर आपल्याकडे आली, आणि आकाशवाणीने तिला परके ठरवून १९४० ते १९७१ अशी एकतीस वर्षे बाहेर ठेवले. तेवढ्या काळात आपल्या भजनी मंडळांनी तिला इतके आपलेसे केले की तिच्याशिवाय हरिपाठ सुचत नाही. वरातीतल्या बँजो पार्टीतले वाद्य जपानमधल्या नागोया शहरात १९१२ च्या सुमारास तयार झालेल्या वाद्याचे भावंड आहे, आणि क्लॅरिनेट काही गोदाकाठी उगवलेले नाही. वाद्याला गाव नसते. त्यावर काय म्हटले जाते त्याला गाव असते, आणि मुक्कामी एसटीचे गाणे इंग्लंडमधल्या लिव्हरपूलमध्ये सुचले नसते.

आज सगळे संगीत फोनवर मिळते, मग बाहेर पडायचे कशाला, असाही आक्षेप घेतला जातो. त्यावर फार लिहिण्यासारखे नाही. मराठवाड्यातल्या लहान लहान स्टुडिओंत ध्वनिमुद्रित होऊन यूट्यूबवर गेलेली गाणी लाखो वेळा पाहिली जातात, हे खरे आहे आणि चांगले आहे. पण किती लोकांनी गाणे अर्ध्यात सोडले हा आकडा वाचून कडवे सुधारता येत नाही. समोरच्या माणसाने चहा मागवला की सुधारता येते.

खरा वजनदार आक्षेप तिसरा आहे: हे बँड चांगले नसतात. मी हा आक्षेप पूर्णपणे मान्य करतो. मी ऐकलेल्या बँडांपैकी बहुतेक सामान्य होते, काही कंटाळवाणे होते, एक तर असा होता की मध्यंतरात निघून जाऊ नये म्हणून मी स्वतःला वहीत टिपणे काढायला लावले. पण चांगले होण्याची दुसरी जागा कोणती आहे? लिव्हरपूलच्या मॅथ्यू स्ट्रीटवर एका गोदामाच्या तळघरात ‘कॅव्हर्न’ नावाचा क्लब होता. १९६१ ते १९६३ या काळात पुढे जगप्रसिद्ध झालेला बीटल्स हा बँड तिथे दोनशे ब्याण्णव वेळा वाजला, आणि त्यांतले बरेच कार्यक्रम दुपारच्या सुट्टीत होत. आसपासच्या कचेऱ्यांतले कारकून आणि दुकानांतल्या मुली जेवणाच्या वेळेत तळघरात उतरत, ऐकत, आणि पुन्हा कामावर जात. जगाने जे ऐकले ते अशा शेकडो वेळांनंतरचे होते. आधीचे ऐकले ते त्या कारकुनांनी, आणि त्यांनी ते पैसे देऊन ऐकले. आपला नियम उलटा आहे: आधी दूरचित्रवाणीवर चमकून ये, मग आम्ही तुझा सत्कार करू.

आपल्याकडे घडवण्याची यंत्रणा अर्धी आहे, हे विशेष. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचा युवक महोत्सव दर वर्षी होतो. समूहगानापासून लोकवाद्यवृंदापर्यंत स्पर्धा होतात, तालुक्याच्या गावांतली मुले तीन महिने तालमी करतात, आणि त्या चार दिवसांत मंडपात जे ऐकू येते ते कधीकधी थक्क करणारे असते. पदवी हातात आली की हे सगळे एका दिवसात थांबते. वयाच्या बाविसाव्या वर्षी महोत्सवातून बाहेर पडलेल्या गायिकेला या शहरात गाण्यासाठी तीन जागा उरतात: लग्नातला संगीत कार्यक्रम, मंडळाचा ऑर्केस्ट्रा, किंवा पुण्याची गाडी. शहर सोडणे वाईटच असते असे नाही. दखनी कवी वली औरंगाबादी १७०० साली दिल्लीला गेला आणि दिल्लीच्या कवितेची भाषा बदलून आला. पण तो गेला तेव्हा त्याची स्वतःची भाषा इथेच तयार झालेली होती. आमची मुले ती तयार होण्याआधी जातात, आणि तिकडच्या बारमध्ये तिकडच्यांसारखी गातात.

मराठवाड्यात पैसा नाही, दुष्काळी भागाला ही चैन परवडत नाही, असे जे म्हणतात त्यांना मी एवढेच विचारतो की वरातीतल्या डीजेला एका रात्रीचे किती मोजले. २०१६ साली ज्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातूरच्या दुःखाचा अपमान करण्याचा माझा हेतू नाही; उलट त्या उन्हाळ्यावर लातूरच्या कुणी मुलाने गाणे केले असेल तर ते मला ऐकायचे आहे, आणि ते कुठे ऐकायला मिळेल ते मला कुणी सांगू शकत नाही. दीडशे रुपये सर्वांना परवडत नाहीत, हे खरेच. म्हणून वीस जागा विद्यार्थ्यांसाठी पन्नास रुपयांना ठेवाव्यात. पण ज्यांना परवडतात त्यांनी पास मागू नये. आपल्या शहरात ‘ओळख आहे, पास मिळेल’ हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाते, आणि प्राध्यापक, पत्रकार आणि डॉक्टर या बाबतीत सर्वांत पुढे असतात. मी त्यांतलाच आहे, त्यामुळे हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही.

त्या कॅफेत मी नंतर दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी माणसे कमी होती, अठ्ठावीस. पाऊस होता आणि त्याच संध्याकाळी क्रिकेटचा सामना होता. मुक्कामी एसटीचे गाणे त्यांनी त्या दिवशी घेतलेच नाही. तिसऱ्या वेळी जिना चढतानाच गर्दी जाणवली. मोजायला सुरुवात केली आणि साठाच्या पुढे सोडून दिले. ध्वनियंत्रणेवर कुणीतरी मेहनत घेतली होती, गायकाचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. एसटीचे गाणे शेवटून दुसरे होते. दुसऱ्या कडव्यातली आठवणींची यादी नाहीशी झाली होती. तिच्या जागी ढोलकी थांबली, बेसचा एकच स्वर खाली घुमत राहिला, आणि मुलीने हातातल्या छोट्या घंटीवर दोन ठोके दिले, गाडी सुटताना कंडक्टर देतो तसे. माझ्या मागे बसलेली एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, “मागच्या खेपेला हे असं नव्हतं गं.”